माझ्या नावावर चढवलेले बैल

चाचा,

तुमची बैलांची वही मागच्या महिन्यात दौंडला जाऊन तुमच्या लेकीच्या, आपांच्या हातात देऊन आलो. तुम्ही गेलात त्याला अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, तुमच्या कबरीवरही दोनदाच आलो, आणि दुसऱ्यांदा आलो तेव्हा फाटकापासूनच मागं फिरलो. ते का, हे आज लिहायला बसलोय. तोंडानं सांगायची वेळ आली असती तर तुमच्यासमोर मान वर झाली नसती. कागदावर निदान हात तरी चालतोय.

शिरूरच्या एसटी डेपोपासून चार पावलांवर तुमचं दुकान होतं. दहावी झाल्यावर माझ्या वडिलांनी मला तुमच्याकडं आणून सोडलं, आणि पुढची सहा वर्षं मी तुमच्या हाताखाली होतो. दुकानांच्या पाट्या, मार्केट यार्डातल्या आडत्यांचे बोर्ड, जीपच्या मागच्या फळ्या, निवडणुकीच्या भिंती. पण लोक लांबून यायचे ते बैलासाठी. शर्यतीच्या बैलाचा मालक बैल घेऊनच दुकानापुढं यायचा, लिंबाला बांधायचा, आणि तुम्ही स्टुलावर बसून आधी वहीत पेन्सिलीनं त्याला उतरवायचा. मग पत्र्यावर रंगात. वहीच्या पानाखाली बैलाचं नाव, गावाचं नाव, मालकाचं नाव. अक्षर बारीक, एका ओळीत. त्या ओळीशिवाय तुम्ही पान उलटलेलं मी पाहिलं नाही.

एक शुक्रवार मला विसरता येत नाही. तुम्ही नमाजला गेला होतात. तळेगाव ढमढेऱ्याचे एक बागायतदार ट्रॉलीची फळी घेऊन आले आणि घाई करायला लागले. बैल बरोबर आणला नव्हता. मी वही काढली, त्यातला एक देखणा बैल छापकागदानं उतरवला, शिंगांचा रंग बदलला आणि तासाभरात फळी उभी केली. मालक खूश झाले. मीही खूश. तेवढ्यात तुम्ही आलात, टोपी खिशात घालत फळीसमोर उभे राहिलात.

"ह्यो तळेगावचा न्हाई," तुम्ही म्हणालात. "डाव्या डोळ्याखाली डाग हाय. ह्यो इनामगावचा."

मालक म्हणाले, "चाचा, राहू द्या की. बैल बैलासारखाच दिसतोय."

टर्पेंटाइनचा बोळा घेतलात आणि ओला रंग माझ्यादेखत पुसून काढलात. पाठ, मान, शिंगं. मग माझ्याकडं वळलात. "दुसऱ्याच्या गोठ्यातला बैल सोडलास आन् ह्यांच्या दारात बांधलास. ह्यांना कळलं न्हाई म्हणून चाललं व्हय?" आवाज चढला नव्हता. म्हणून जास्त लागलं. पुढच्या बाजारच्या दिवशी तुम्ही मला घेऊन जीपनं तळेगावला गेलात, गोठ्यात पाटावर बसून तो बैल उतरवलात. मी शेजारी रंगाचे डबे धरून. परत येताना जीपमध्ये तुम्ही मला भेळ घेऊन दिलीत आणि त्या गोष्टीचा शब्द पुन्हा काढला नाहीत. कधीच नाही.

मग फ्लेक्स आला. एका वर्षात पाट्या बंद झाल्या. मी पुण्याला जाऊन कॉम्प्युटरवर डिझाइन शिकलो, एमआयडीसीतल्या खोक्यांच्या कंपनीत लागलो. तुम्ही आजारी पडलात तेव्हा भेटायला आलो होतो. तुम्ही उशाशी ठेवलेली वही माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "तुझ्याकडं ठेव. मधनंमधनं बघून हात चालव. माऊसनं हात मरतो." एवढंच. मी वही घरी नेली, कपाटात वरच्या फळीवर ठेवली. हात काही चालवला नाही.

आता पुढचं तुम्हाला समजावून सांगताना मलाच धड शब्द सापडत नाहीत. टाळेबंदीत कंपनीनं आम्हाला घरी बसवलं. तेव्हा माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मित्रानं सांगितलं, की चित्राचा फोटो इंटरनेटवर चढवायचा आणि त्याचं टोकन काढायचं. टोकन म्हणजे एक नंबर पडलेली नोंद. ती जगातल्या हजारो कॉम्प्युटरांवर एकदम लिहिली जाते, म्हणून ती कुणाला खोडता येत नाही. ज्याच्याकडं टोकन, तो त्या चित्राचा मालक, असं मित्र म्हणाला. मी त्याला सहज तुमची वही दाखवली. तो उडालाच. "अरे, बैल! शेअरबाजार चढा असला की त्याला बुलच म्हणत्यात. हे टोकन घेणारे सगळे बाजारातले. बैलासाठी उड्या टाकतील."

टाकल्या. पण त्याआधी मी जे केलं ते लिहितो. एकेक पान स्कॅन केलं. स्क्रीनवर चित्राची चौकट आखताना खालची पेन्सिलीची ओळ आत येत होती. बैलाचं नाव, गाव, मालक. मी चौकट वर ओढली. बेचाळीस पानं, बेचाळीस वेळा. पहिल्या दोन-तीन वेळा हात जरा थांबला. नंतर थांबला नाही. मग त्या साइटवर एक रकाना होता, चित्रकाराचं नाव. तिथं मी माझं नाव टाकलं. तुमचं टाकलं तर लोक विचारतील, मग समजावत बसावं लागेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर विचारणारं तिथं कुणीच नव्हतं.

पैसे आले. ते घरात गेले, त्यावर मी काही लिहीत नाही. पैशापेक्षा वाईट ते, जे त्यानंतर झालं. शिरूरमध्ये बातमी पसरली, की आपल्या गावच्या पोराची चित्रं परदेशात गेली. माझ्या जुन्या शाळेनं बोलावून सत्कार केला. शाल, श्रीफळ, मागं पडद्यावर तुमचा बैल भिंतीएवढा. एका मुलीनं उभं राहून विचारलं, "सर, बैलाच्या डोळ्यात इतकी माया कशी आणता?" आणि मी, चाचा, मी उत्तर दिलं. म्हणालो, बैलासमोर तास तास बसावं लागतं, त्याला आपली सवय व्हावी लागते. तुमचं वाक्य. जसंच्या तसं. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत माझे वडील बसले होते, त्यांनी तेवढ्या टाळ्या वाजवल्या नाहीत. घरी येताना गाडीवर मागं बसून ते म्हणाले, "चाचांचं नाव घ्यायला पाहिजे होतं." मी म्हणालो, घेणार होतो, राहिलं.

त्यानंतर वर्षभरानं मला कळलं, की कुणीतरी माझी ती चित्रं उचलून दुसऱ्या साइटवर स्वतःच्या नावानं टोकनं काढलीत. मी इतका चिडलो की रात्रंदिवस तेच डोक्यात. चोरी. सरळसरळ चोरी. आणि जोडीला बंगळुरूचा एक टोकन घेणारा टी-शर्टांवर एक बैल छापून विकायला लागला होता, त्याचाही राग. कंपनीतल्या एकानं पुण्यातल्या एका वकीलबाईंचा पत्ता दिला, अशाच कामातल्या. मी फाईल करून गेलो. सगळे पुरावे, तारखा, स्क्रीनचे फोटो. वकीलबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला.

"चित्रं कोणी काढली?"

"मी."

"कागदावरचं मूळ चित्र तुमच्या हातचं आहे?"

मी पाणी प्यायलो. म्हणालो, "मूळ माझ्या उस्तादांचं. पण वही त्यांनी मला दिली होती. बक्षीस."

"वही दिली. चित्रांचा हक्क दिला का? लेखी? सहीनिशी?"

"तसं कोण लिहून देतं, मॅडम?"

"म्हणजे नाही," त्या म्हणाल्या. "हे बघा, वही तुमची आहे. ती तुम्ही ठेवा, कुणाला द्या. पण त्यातल्या चित्राच्या प्रती काढायच्या, छापायच्या, विकायच्या, हा वेगळा हक्क. तो काढणाऱ्याचा. तो गेल्यावर साठ वर्षं त्याच्या वारसांचा. आणि चित्राखाली त्याचं नाव असणं, हाही त्याचाच."

मी म्हणालो, "पण टोकन माझ्या नावानं आहे. ते तर खोडता येत नाही."

त्या जरा हसल्या. "तुम्ही शिरूरचे ना? मग असं समजा, हा एक सातबारा आहे, पण इथं तलाठीच नाही. ज्याला वाटेल त्यानं यावं आणि आपलं नाव चढवून जावं. नोंद पक्की राहते, पण खरी आहे का ते कुणी तपासत नाही. त्या दुसऱ्या माणसानंही तेच केलं. तुमच्यात आणि त्याच्यात फरक एवढाच, की तुम्ही आधी गेलात." मग माझी फाईल मिटून त्यांनी माझ्याकडं सरकवली. "टी-शर्टवाल्यालाही तुम्ही काही म्हणू शकत नाही. जे तुमचं नव्हतं ते तुम्ही त्याला विकलंत. तुम्ही तक्रार करायला आलात खरे, पण वारसांनी ठरवलं तर पहिली नोटीस तुम्हालाच येईल."

शहाणा माणूस तिथून उठून सरळ दौंडला आपांकडं गेला असता. मीही दौंडला गेलो, पण शहाण्यासारखा नाही. वकीलबाईंच्या सगळ्या बोलण्यातला माझ्या कानात एकच शब्द राहिला होता, लेखी. घरी येऊन मी स्वतःच एक कागद तयार केला. माझ्या वडिलांनी हयातीत, माझ्यासमक्ष, सदर चित्रांचे सर्व हक्क यांना दिले होते, असा. खाली आपांच्या सहीची जागा. साल तुमच्या आजारपणाचं टाकलं. आणि न्हावरा, चौफुला करत एसटीनं दौंडला उतरलो.

आपा तहसील कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये बसतात. आधी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आणि प्रिंटर. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, उत्पन्नाचे दाखले, वारसाच्या नोंदी. मी गेलो तेव्हा बाकावर चार माणसं वाट बघत होती. आपांनी मला ओळखलं, उठून आल्या, चहा सांगितला. मी म्हणालो, "आपा, चाचांच्या चित्रांचं प्रदर्शन करायचंय, एक सही लागती तुमची." आणि कागद पुढं केला. जी बाई वीस वर्षं असले कागद करते, तिच्यापुढं.

त्यांनी चष्मा लावून वाचला. बोट एका ओळीवर ठेवलं.

"माझ्यासमक्ष? ह्या साली?" त्या म्हणाल्या. "ह्या साली मी इथं बाळंतीण होते. अब्बांना शेवटचं बघायला बी जाता आलं न्हाई मला. तुला तर म्हाईत हाय, तूच फोन केला होतास."

मला माहीत होतं. कागद करताना मी विसरलो होतो. हे असं विसरता येतं, चाचा.

"प्रदर्शनाला हक्क कशाला लागत्यात रं?" त्यांनी विचारलं. मग मी सांगितलं. टोकन, साइट, सत्कार, वकीलबाई, सगळं. शेवटी त्यांनी हात पुढं केला, मोबाइलसाठी. एकेक बैल बोटानं सरकवत राहिल्या. उभे बैल, जुंपलेले, शिंगं रंगवलेले. मग एका बसलेल्या बैलापाशी थांबल्या. पुढचा एक पाय दुमडलेला, मान वळवून माशी हाकणारा. तोच तो टी-शर्टावरचा. सगळ्यात जास्त मागणी त्यालाच आली होती. खरं सांगायचं तर मलाही वहीत तोच सगळ्यात आवडायचा, आणि तुमच्याकडं असताना मी तो कितीदा तरी गिरवला होता.

"ह्यो अब्बांचा न्हाई," आपा म्हणाल्या. "ह्यो माझा."

मला कळेना.

"मागच्या खोलीला जोत्याबरोबर खिडकी होती बघ, जमिनीला टेकलेली. मला दुकानात बसायला मिळायचं न्हाई. मी तिथनं सुट्या कागदावर काढायची. बैल उभा असला की नुसतं पाय दिसायचं. बसला की सगळा दिसायचा. म्हणून माझे सगळे बसलेले." त्यांनी पुढं सरकवलं, आणखी एक, आणखी एक. "सात हायेत. अब्बा बसलेला बैल काढतच न्हवते. म्हणायचे, मालकाला बैल उभाच लागतो. सांजच्याला वही आत आणायचे, मी त्यात उतरवायची, मग ते माझं चित्र बघायचे, खाली नाव-गाव लिहायचे. बोलायचे काही न्हाईत. पर पान कधी फाडलं न्हाई."

सहा वर्षं मी त्या दुकानात होतो. सहा वर्षं ती वही हाताळली. बसलेले बैल वेगळ्या हाताचे आहेत, रेघ हलकी आहे, पेन्सिल वेगळ्या कोनात धरलीय, हे मला एकदाही दिसलं नाही. तुम्ही डोळ्याखालच्या डागावरून गाव ओळखायचा.

बाकावरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, "बाई, कुणाचे बैल हो?"

"माझ्या अब्बांचे," आपा म्हणाल्या. "आन् सात माझे."

मग त्यांनी माझा कागद उभा-आडवा फाडला, लॅपटॉप पुढं ओढला आणि म्हणाल्या, "बस. खरं काय ते सांग, मी टाइप करते." मी सांगत गेलो. त्या माझ्यापेक्षा बरे शब्द शोधत गेल्या. सदर चित्रे माझी नाहीत. सदर चित्रांखालील नावे मी हेतुतः वगळली. 'हेतुतः' शब्दाशी त्या थांबल्या, माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. छापून झाल्यावर त्यांनी तो कागद मोठ्यानं वाचायला घेतला. मी म्हणालो, "आपा, मी वाचतो की मनात." त्या म्हणाल्या, "वाचून दाखवल्याबिगर मी कुणाची सही घेत न्हाई. तुझी का घ्यायची?" बाकावरच्या चौघांनी तो ऐकला. शाळेत टाळ्या घेताना माझा चेहरा कसा होता मला माहीत नाही. इथं कसा झाला ते त्या चौघांना विचारावं.

पुढचं थोडक्यात. तो कागद वकीलबाईंकडं गेला, तिथून दोन्ही साइटना. चित्रं साइटवरून काढून टाकली गेली, त्या दुसऱ्या चोराचीही, पण ती तक्रार आपांच्या नावानं गेली, माझ्या नाही. टोकनं मात्र आहेत. नंबर आहे, तारीख आहे, चित्रकार म्हणून माझं नाव आहे, आणि चित्राच्या जागी रिकामा चौकोन. ते कुणालाच पुसता येत नाही. बंगळुरूच्या माणसानं आधी मला शिव्या घातल्या, आणि त्या वाजवी होत्या. नंतर त्यानं आपांना रीतसर पत्र लिहून परवानगी मागितली. आपांनी एक टी-शर्ट मागवून घेतला, खिडकीशी नेऊन बघितला, म्हणाल्या, "डोळा बिघडवलाय छपाईत," आणि नाही म्हणून कळवलं. शाळेला मी पत्र लिहिलं. हेडमास्तरांनी फोन करून सांगितलं, झालं ते झालं, वाढवू नका. त्या मुलीला कुणी काही सांगितलं नाही.

वही द्यायला गेलो तेव्हा आपांनी ती ओढणीनं पुसून कपाटात ठेवली. मी विचारलं, आता पुन्हा काढाल का? त्या म्हणाल्या, "हात टायपिंगचा झाला." मधूनमधून मला तुमचाही राग येतो. तुम्ही का नाही कधी सांगितलंत, की ही सात माझ्या लेकीची? पान फाडलं नाहीत, तर नावही लिहायचं होतं. पण हा राग जास्त वेळ धरवत नाही. तुम्ही नाव लिहिलं असतं, तरी मी चौकट वर ओढलीच असती.

हे पत्र तुमच्यापर्यंत यायचं नाही, ते माहीत आहे. लिहायला बसलो तेव्हा वाटलं होतं, पूर्ण झालं की आपांना वाचायला देईन. त्यांनी तुमच्या वतीनं वाचावं. पण एक गोष्ट राहिलीय. "ह्यो माझा" असं त्या म्हणाल्या, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते मी वकीलबाईंना सांगितलं नाही, त्या कागदातही नाही. लाज नंतर आली. आधी हायसं वाटलं. म्हटलं, चला, बरं झालं, निदान सात बैलांपुरता तरी हक्क लिहून देऊन सही करणारं माणूस जिवंत आहे.

हे वाक्य खोडलं तर पत्र आपांना देता येईल. दोनदा पेन टेकवलं. खोडलं नाही, आणि पत्रही देत नाही.